मंगळवार-शुक्रवारची रेघ

नांदेड-लातूरला जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न येतो, "कुणाचं लग्न होतं?" त्या बाजूला माणूस नुसता जाऊन येऊ शकतो हे पुण्यात कुणाला पटत नाही. खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं. तीस वर्षं मी एमआरआय तंत्रज्ञ घडवायचं काम केलं. घडवायचं हा शब्द माझा, मुलं त्याला छळणं म्हणत. निवृत्त झाल्यावर कुणाला छळावं या विवंचनेत असताना लातूरच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला.

त्यांच्याकडे तीन महिन्यांपूर्वी नवं मशीन बसलं होतं. फोटो सुरेख येत, पण मधूनच मेंदूच्या फोटोवर या कडेपासून त्या कडेपर्यंत ठिपक्यांची एक रेघ उमटे. कंपनीचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. आता हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर म्हणत होते की सध्याच्या प्रभारी तंत्रज्ञ बाईंना विभागप्रमुख करावं, की बाहेरून कुणी आणावं, ते शुक्रवारी दुपारी ठरवायचं आहे. "तुम्ही या, मशीन आणि माणूस दोन्ही तपासा. तुम्ही लिहाल ते आम्ही मानू." प्रभारी बाईंचं नाव वैशाली वाघमारे. बारा वर्षांपूर्वी ती माझी विद्यार्थिनी होती.

नाव आठवलं, चेहरा आठवेना. याची लाज वाटली. पुढं याहून मोठी लाज वाटायची आहे, म्हणून इथं ती जपून वापरतो.

सोमवार, नांदेड

सरळ लातूरची गाडी न धरता मी आधी नांदेडला उतरलो, कारण वैशालीनं तिथल्या एका सेंटरवर आठ वर्षं काढली होती. माणूस तपासायचा तर तो पूर्वी जिथं होता तिथं आधी विचारावं, हा माझा जुना संशयी स्वभाव. स्टेशनवर तिचा तिथला कामातला जोडीदार हरदीपसिंग आला होता. मूळचा नांदेडचाच. निळी पगडी, भरघोस दाढी, आणि तोंड उघडलं की अस्सल मराठवाडा.

"या की सर! आधी न्याहारी करू. रिकाम्या पोटी मशीन दाखवत न्हाई मी."

न्याहारीला सुशीला आली. चुरमुरे भिजवून पिळून त्यांना फोडणी देतात, वर शेंगदाणे, डाळ्याचं कूट आणि कोथिंबीर. मी मोठ्या कौतुकानं म्हणालो, "अगदी आपल्या पोह्यांसारखं लागतं." हरदीपसिंगनं चमचा खाली ठेवला. "सर, पोहे सुशीलासारखे लागतात," तो म्हणाला, आणि मला आणखी एक प्लेट मागवून प्रायश्चित्त घ्यायला लावलं.

आमच्या धंद्यात तीन प्रकारची माणसं असतात. मशीन बसवणारी, फोटो काढणारी आणि फोटो वाचणारी. बसवणाऱ्याला साहेब म्हणतात, वाचणाऱ्याला डॉक्टर म्हणतात, आणि मधल्याला विचारतात, "डॉक्टर कुठायत?" पण मशीनच्या बोगद्यात घाबरून पडलेल्या माणसाजवळ जगात फक्त त्या मधल्याचाच आवाज असतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगत असे. सांगणं सोपं असतं.

हरदीपसिंगनं मला नियंत्रण खोलीतली काच दाखवली. एकदा पंजाबातून गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेले एक वृद्ध बाबाजी चक्कर येऊन पडले होते. मेंदूचा एमआरआय करायचा होता. आत प्रचंड चुंबक, म्हणजे हातातलं कडं उतरवायलाच हवं. बाबाजी ऐकेनात. अमृत घेतलं, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं.

"मी समजावलं, डॉक्टरनं समजावलं. काही उपेग न्हाई. मग वैशालीताई आली. बाबाजींच्या डोक्यावर जो पिंजरा बसवतो ना सर, त्यात बारका आरसा असतोय. ताई म्हणली, बाबाजी, कडं तुमच्या लेकाच्या हातात द्या. तो धुतल्या रुमालावर धरून काचेपाशी उभा राहतोय. तुम्हाला आरशातून शेवटपर्यंत दिसत राहील. तुमच्यापासून लांब गेलं असं वाटणार न्हाई."

बाबाजींनी पंचवीस मिनिटं त्या आरशात बघत काढली आणि तसूभरही हलले नाहीत. त्या दिवसापासून सेंटरवर पांढऱ्या धुतल्या रुमालांची एक घडी कायमची ठेवलेली असते. त्या आरशाचा असा उपयोग सुचवणारं पुस्तक माझ्या कपाटात नाही. संध्याकाळी हरदीपसिंगनं गुरुद्वाऱ्यात नेलं. लंगरच्या पंगतीत बसून डाळ-रोटी जेवलो आणि बऱ्याच वर्षांनी न मोजता जेवलो.

मंगळवार, लातूर

सकाळची एसटी धरली. दोन्ही बाजूंना तूर वाळून पिवळी पडलेली, ज्वारी कणसात आलेली, मध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे. अहमदपूरला एक मावशी शेजारी येऊन बसल्या आणि चाकूर येईपर्यंत त्यांनी माझं गाव, मुलं, सुना आणि गुडघेदुखी सगळं काढून घेतलं. पुण्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला माझ्याविषयी इतकं माहीत नाही.

"काम काय करत होता?"

"एमआरआय शिकवायचो."

"म्हंजे ते बोगद्यातलं? आगं माय! माझ्या जावंला घातलं होतं की नांदेडला. लई भेलती ती. पण तिथली ताई म्हणली, आक्का, खळ्यावर निजल्यागत निवांत पडा. मळणीयंत्र चालू झाल्यागत आवाज होईल, ते आपलंच यंत्र हाय असं समजा. जाऊबाई आत झोपी गेली बगा!"

ती ताई कोण हे विचारायची गरज नव्हती.

लातूरला वैशाली दारातच उभी होती. चेहरा पाहिल्यावर आठवला, वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावरचा. केस रबरानं घट्ट बांधलेले, अंगावर एकही पिन नाही, बटण नाही, दागिना नाही. ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा मी म्हटलं, "आधी रेघ दाखव."

रेघ होतीच. त्याच सकाळच्या फोटोत, ठळक. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एमआरआयची खोली म्हणजे तांब्याच्या पत्र्यानं आतून मढवलेला डबा असतो. बाहेरच्या रेडिओ लहरी आत शिरू नयेत म्हणून हा खटाटोप. त्या कुठून शिरल्या की फोटोवर अशी रेघ येते. आता लहरी शिरतात कुठून?

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. भिंतीपलीकडे दाल मिल धडधडत होती. लातुरात दाल मिलला कमी नाही. "हाच तो चोर," मी जाहीर केलं. वैशाली म्हणाली, "सर, मला तसं वाटत नाही." मी ऐकलं नाही आणि तडक मिलमध्ये गेलो.

मालक हसतमुख गृहस्थ. मोटार अर्धा तास बंद ठेवाल का विचारल्यावर त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. "चहा होईपर्यंत बंद. चहाला आमच्यात घाई न्हाई बरं का." सगळी मिल थांबली. कामगार तुरीच्या पोत्यांवर बसून आमच्या चहाकडे बघत होते. मी वैशालीला फोन केला.

"सर, रेघ आहे. थोडी फिकट झालीय, पण आहे."

मालकांनी तरीही मला तूरडाळीची पिशवी दिली. संशय घेतल्याबद्दल डाळ मिळण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग.

बुधवार, रेणापूर

बुधवारी मिल दणक्यात चालू आणि फोटो आरशासारखे स्वच्छ. दिवसभर रेघेचा पत्ता नाही. मशीन नीट चालल्याबद्दल मला राग आला. संध्याकाळी वैशाली म्हणाली, "सर, घरी चला. आबांनी हुरड्याला बोलावलंय." रेणापूर लातूरपासून जवळच आहे.

तिचे वडील, आबा, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. आई घरामागची दोन एकर अजून स्वतः बघते. बैठकीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि शेजारी खिळ्याला आबांची डेपोतली जुनी टोपी. शेताच्या बांधावर गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजली जात होती. आई तळहातावर कणीस चोळून गरम दाणे माझ्यापुढं टाकत होती, सोबत लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. पुण्यात हुरडा पार्टी म्हणजे तिकीट, टोपी आणि घोड्यावरची चक्कर. इथं नुसता हुरडा होता.

"सर, तुम्हाला एक दाखवायचंय," आबा म्हणाले आणि प्लास्टिकची एक फाईल घेऊन आले. लेकीच्या बालवाडीपासूनचा प्रत्येक कागद त्यांनी लावून ठेवला होता. पानं उलटत एका कागदावर बोट ठेवलं. "ही तुमची सही ना?"

माझीच. शेपूट काढून केलेली. वैशालीच्या पुण्यातल्या प्रशिक्षणाचा शेरा होता तो, माझ्या हस्ताक्षरात: "उत्तीर्ण. कामात चोख. भाषा फार ग्रामीण. रुग्णांशी बोलण्याचं काम देऊ नये."

हातातला हुरडा मी खाली ठेवला. मगाशी जपून ठेवलेली लाज इथं खर्च झाली.

"आबा, ठेवा ना ते," वैशाली म्हणाली.

"अगं, राग न्हाई काढत मी. सरांना खुलासा करायलोय." आबा शांतपणे माझ्याकडे वळले. "सर, तुमचं हे वाचलं आन् पोरगी दोन महिने रोज आरशापुढं बसून तुमच्यावाणी बोलायची. आमाला हसू यायचं. मग एक दिवस म्हणली, आबा, ह्या भाषेत मला कुणाला धीर देता येत न्हाई. सोडून दिलं तिनं. बरं केलं का वाईट केलं, ते तुमीच सांगा आता."

ते खरंच विचारत होते. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच जास्त लागलं. मला सांगायचं होतं की मी चुकलो. इतका साधा शब्द, पण तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडून तो पटकन निघत नाही. माझी अवस्था बघून वैशालीनंच विषय बदलला आणि पिशवीतून एक वही काढली.

तीन महिन्यांतला प्रत्येक फोटो, वार, वेळ, रेघ ठळक की फिकट की नाहीच, सगळं तिनं ओळीनं लिहिलं होतं. "आबांची सवय," ती म्हणाली. "डेपोत ते म्हणायचे, गाडी का बिघडते ते शोधू नको, आधी कधी बिघडते ते लिही."

वही पाहिली. मंगळवारी सकाळी ठळक, दुपारी फिकट. शुक्रवारी सकाळी ठळक, दुपारी फिकट. बाकीचे दिवस जवळजवळ स्वच्छ. इंजिनिअर दोन्ही वेळा बुधवारी आला होता.

"मंग मंगळवारी आन् शुक्रवारी तिथं कोण काय करतंय ते बघा," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं गाडी दुरुस्त झाली होती.

गुरुवार

गुरुवारी मी मंगळवारी चालणाऱ्या गोष्टींची यादी करत बसलो. लिफ्ट, बोअरची मोटार, जनरेटर. सगळं रोज चालत होतं. औशापर्यंत एक चक्कर मारून किल्ला पाहिला, निलंगा राईस नावाचा झणझणीत मसालेभात खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढलं. संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं गाऱ्हाणं सांगितलं.

"मंगळवार-शुक्रवार का?" ती म्हणाली. "अहो, देवीचे वार."

"एमआरआयला देवी कळते का?" मी चिडून विचारलं.

"एमआरआयला नाही, माणसांना कळते," ती म्हणाली. "डाळ जपून आणा."

शुक्रवार, लातूर

सकाळी उजाडता उजाडता हॉस्पिटलात पोचलो, तर नियंत्रण खोलीत वैशाली आधीच खुर्ची टाकून बसलेली.

"सर, तुम्ही?"

"बायकोनं पाठवलं."

ती तोंडावर हात ठेवून हसली आणि काचेकडे बोट दाखवलं. सफाईचं काम करणाऱ्या गयाबाई आत होत्या. फरशी पुसून झाली होती. मशीनच्या खोलीचं जाड दार उघडं होतं आणि गयाबाई त्याच्या उंबरठ्याशी बसल्या होत्या. प्लास्टिकच्या मगात पाणी, पळसाच्या पानावर हळद-कुंकू आणि तांदूळ. ओल्या हातानं त्यांनी उंबरठा पुसला, हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडले. मनापासून, डोळे मिटून.

दाराच्या चारही कडांना तांब्याच्या पातळ पट्ट्यांची ओळ असते. दार लागलं की त्या दाबल्या जातात आणि डबा बंद होतो. उंबरठ्यावरच्या पट्ट्यांत तांदूळ अडकले होते, ओल्या हळदीचा थर बसला होता. झाकण नीट लागत नव्हतं. एवढंच. वाळलं की जरा बरं, पुन्हा मंगळवारी ओलं.

"गयाबाई," वैशालीनं हळूच हाक मारली. बाई दचकून उठल्या.

"ताई! आवं, लोखंडाचं काही न्हेलं न्हाई मी आत. तुमीच सांगितलं होतं की. तांब्या बाहीर ठिवला, करंडा बाहीर ठिवला, हातातलं कडं बी काढून ठिवलं. पानावर आणलं सगळं. येवढी मानसं ह्या दारातून आत जातेत भ्येत भ्येत. उंबऱ्याला हात जोडावा वाटतो माय."

शिकवलेला नियम त्यांनी शब्दन् शब्द पाळला होता. माझ्या तीस वर्षांच्या नोट्समध्ये चुंबक आहे, तांबं आहे, लहरी आहेत. उंबरठा हा शब्दच नाही.

वैशाली त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "गयाबाई, ह्या उंबऱ्यात पट्ट्या हायेत, त्याला पाणी चालत न्हाई. माझ्या घरी उंबरा पुजत न्हाईत, म्हणून माझ्या ध्यानातच आलं न्हाई. तुम्ही बाहेरच्या दाराला पुजा. तिथं किती बी चालतंय." मग दोघींनी मिळून मऊ ब्रशनं तांदूळ काढले. मी स्पिरिटचा बोळा फिरवत होतो. वाकलेल्या तीन पट्ट्या बदलल्या, तशा पट्ट्या सुट्या भागांत असतात.

आता फोटो काढून बघायला धडधाकट माणूस हवा होता. "मला घाला," गयाबाई म्हणाल्या. "मी केलं, मीच निस्तरते." आधी पायातली जोडवी निघेनात. साबण लावून, हसून-हसून निघाली. बाई आत गेल्या आणि मी काचेबाहेर बसलो. वैशालीनं माइक घेतला.

"गयाबाई, खळ्यावर निजल्यागत पडा. आता आपलं मळणीयंत्र सुरू होतंय. दमानं श्वास घ्या. मी इथंच हाय. बटण दाबलं की लगेच येते बगा."

मी पुणेरी कानांनी ऐकत होतो. तिच्या आवाजात एकही शब्द शुद्ध नव्हता आणि एकही शब्द वाया जात नव्हता. गयाबाईंचा श्वास पडद्यावर संथ होत गेला.

फोटो आला. स्वच्छ. कडेपासून कडेपर्यंत रेघ नाही. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या, या वयात शोभत नाही तरी. गयाबाई बाहेर आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. "हे माजं डोकं? आगं माय! येवढं सामान हाय आत? आन् नवरा म्हणतोय रिकामं हाय!"

दुपारी मोठे डॉक्टर आले. कारण ऐकून त्यांचा चेहरा कठोर झाला. "तीन महिने कुणामुळे हा त्रास झाला? नाव काय?"

मी वैशालीकडे पाहिलं. तिचं पद आज ठरत होतं. एक नाव सांगितलं की ती मोकळी होती.

"माझ्या विभागातली गोष्ट आहे सर," ती म्हणाली. "उंबरठ्याला पाणी लावायचं नाही हे मी कुणालाच शिकवलं नव्हतं. चूक माझी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही काय लिहिणार?"

मी अहवाल पुढं ओढला. मशीन: उत्तम. रेघेचं कारण: दाराच्या पट्ट्या, शोधलं वैशाली वाघमारे यांनी. शेवटी एक रकाना होता, रुग्णांशी संवाद. तिथं लिहिलं: "हे काम यांनाच द्यावं. नव्या मुलांना यांच्या हाताखाली, यांच्याच भाषेत शिकू द्यावं. बारा वर्षांपूर्वी मी याउलट लिहिलं होतं. तेव्हा मी चुकलो." सही केली. डॉक्टरांनी तो रकाना दोनदा वाचला, मग वैशालीपुढं हात केला. "अभिनंदन, मॅडम."

तिनं अहवाल वाचला. माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघंही वेड्यासारखे हसायला लागलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले असावेत, मी गुरुवारच्या निलंगा राईसला दोष दिला.

निघताना पाहिलं तर बाहेरच्या दाराला गयाबाईंनी हळद-कुंकू लावलं होतं, भरपूर. शेजारच्या खुर्चीवर झेंडूचं एक फूल वेगळं ठेवलं होतं. "ताई, तुमच्यात कुंकू न्हाई, ठावं हाय," त्या म्हणाल्या. "फूल तर चालतं की?" वैशालीनं ते केसांच्या रबरात खोवलं. धातू नव्हता, त्यामुळे माझीही हरकत नव्हती.

पुण्याला परतून आठवडा झाला. डाळ बायकोला पसंत पडली. काल आबांचा फोन आला. अहवालाची प्रत त्यांनी फाईलीला लावली होती, हे सांगायला.

"आणि जुना कागद?" मी भीत भीत विचारलं. "तो काढून टाका आबा, खरंच."

"न्हाई सर," ते म्हणाले. "दोन्ही शेजारी-शेजारी लावलेत. नातवंडं विचारतील तवा दावीन. पहिल्या कागदानं लेकीला पास केलं. दुसऱ्यानं तुमाला."